भरती-ओहोटी पाहून मजल ठरवावी

मजल म्हणजे एका दिवसात पायी चालायची वाट. सकाळी निघावे, संध्याकाळी मुक्कामाला पोचावे. तेवढी एक मजल झाली. आळंदीहून ज्ञानोबांची पालखी पंढरपूरला जाते, ती अशीच मजल दरमजल करीत जाते. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. ती कोणी एका दमात चालत नाही. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढावा लागतो. ती मजल मोठी. म्हणून पुण्याला दोन रात्री मुक्काम, आणि सासवडलाही दोन रात्री मुक्काम. अवघड मजलेच्या आधी विसावा, नंतरही विसावा. ही रीत कोणी खुर्चीवर बसून काढलेली नाही. पाय दुखले त्यांनी ती बसवली आहे.

आपल्या कारध्यातली मंडळी पंढरीला जाऊन आली आहेत. आता त्यांच्यातल्या काहींच्या मनात आले आहे की, एकदा समुद्रकाठाने पायी जावे. त्यात एक साठीच्या पुढच्या बाई आहेत. मी त्यांना म्हटले, "मोटारीने जा, समुद्र तोच दिसेल." त्या म्हणाल्या, "गुरुजी, मोटारीतून समुद्र पाहाचा म्हंजे पाहुन्याच्या दारातूनच वापस येनं." यावर मला उत्तर सुचले नाही. तेव्हा ही वाट कशी आखायची, ते या पाठात सांगतो.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. पंढरीच्या वाटेवर मजल किलोमीटरवर ठरते. समुद्रकाठी ती पाण्यावर ठरते. पाणी कधी चढते, कधी उतरते, आणि खाडी ओलांडायला होडी कधी मिळते, हे आधी पाहावे. किलोमीटर मागाहून मोजावे.

पाणी का चढते?

आपण वैनगंगेच्या काठची माणसे. पाणी चढणे आपल्याला नवीन नाही. कारधा पुलाजवळ नदीची पातळी मोजतात. २४५ मीटर झाली की इशारा, २४५.५० मीटर झाली की धोका. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस आलेला पूर आपण सर्वांनी पाहिला. पण नदीचा पूर पावसाने येतो, किंवा वरच्या धरणातून पाणी सोडले म्हणजे येतो. वर्षातून एकदा येईल, किंवा येणारही नाही.

समुद्राचे तसे नाही. तिथे पाणी रोज दोन वेळा चढते आणि दोन वेळा उतरते. पाऊस असो, नसो. चढते त्याला भरती म्हणतात, उतरते त्याला ओहोटी. हे ऐकून एकाने मला विचारले होते, "रोज दोनदा पूर येते म्हनता, मंग गाव कसा वाहून जात नाही?" प्रश्न चांगला आहे. गाव वाहून जात नाही, कारण समुद्राचे पाणी ठरल्या मर्यादेपर्यंतच चढते, आणि काठच्या लोकांनी ती मर्यादा ओळखून घरे बांधली आहेत. वाहून जातो तो मर्यादा न ओळखणारा पाहुणा.

हे पाणी चंद्र ओढतो. चंद्र जिकडे असेल तिकडच्या बाजूला समुद्राचे पाणी फुगते. पृथ्वीच्या नेमक्या पलीकडच्या बाजूलाही तसाच फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. त्यामुळे एकेक गाव दिवसातून दोनदा फुगवट्याखाली येते. म्हणून भरती दोनदा. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास आणि वर काही मिनिटे लागतात.

आता, भरती रोज त्याच वेळी का येत नाही? संकष्टीचा उपास करणाऱ्या बायांना हे सांगायला नको. पौर्णिमेला चंद्र दिवेलागणीला उगवतो, चतुर्थीला तो रात्री किती उशिरा येतो, हे त्यांना पोट सांगते. चंद्र रोज उशिरा उगवतो. त्याच्या मागे भरतीही रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते.

सूर्यही पाणी ओढतो, पण चंद्रापेक्षा कमी. अमावस्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका ओळीत येतात. दोघांची ओढ एक होते. तेव्हा पाणी फार चढते आणि फार उतरते. याला उधाण म्हणतात. उधाणाचा जोर पुढे एक-दोन दिवस राहतो. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ आडवीतिडवी होते. तेव्हा पाणी थोडे चढते, थोडेच उतरते. याला भांग म्हणतात. प्यायच्या भांगेशी त्याचा संबंध नाही.

पाणी सारखे चढत नाही, हेही ध्यानात ठेवा. सहा तासांत ते १२ वाटे चढते असे धरू. पहिल्या तासात १ वाटा चढेल. दुसऱ्यात २. तिसऱ्यात ३ आणि चौथ्यातही ३. मग पाचव्यात २ आणि सहाव्यात १. म्हणजे सुरुवातीला पाणी हलते आहे की नाही तेही कळत नाही. माणूस निर्धास्त होतो. आणि दोन तासांनी पाणी धावत येते. बाहेरगावचा माणूस फसतो तो इथेच.

पंचांगावरून भरतीचे गणित

आता मोबाइलवर भरतीची वेळ पाहता येते. पण फोन बंद पडला तर? काठच्या लोकांचे एक जुने गणित आहे. तुम्हाला पंचांग किंवा भिंतीवरचे कॅलेंडर वाचता येते, तेव्हा तुम्हालाही ते जमेल. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, तितके वाजता भरती पुरी होते. दुपारीही आणि मध्यरात्रीनंतरही.

तृतीया घ्या. तिनाची पाऊणपट म्हणजे सव्वादोन. सव्वादोनला पूर्ण भरती. तिच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी आठच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे पावणेनऊ-नऊला ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाला भरती आणि ऐन दुपारी बाराला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, गणित तेच. प्रत्येक पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची.

हे गणित अंदाजाचे आहे. अर्धा तास, कधी पाऊण तास इकडेतिकडे होतो. आणि ते आपल्या पश्चिम किनाऱ्याचे आहे. आपली वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्राला. त्या समुद्रावर हे गणित चालवू नये. आणि गणित केले तरी मुक्कामाच्या गावी कोळी, खारवी, दालदी कोणी भेटेल त्याला रात्रीच विचारून ठेवावे: "उद्या सुकती किती वाजता?" सुकती म्हणजे ओहोटी. आपले ढिवर बांधव जसे पाण्याकडे पाहून डोह सांगतात, तसे हे लोक समुद्र सांगतात. त्यांनी "आज जाऊ नका" म्हटले, तर त्या दिवशी जायचे नाही. तिथे माझे पुस्तकी गणित काढून वाद घालू नये.

चालायला चांगली वेळ कोणती? ओहोटी पुरी होण्याआधी दोन तास आणि नंतर दीड-दोन तास. या वेळी ओली वाळू उघडी पडते. ओली वाळू रस्त्यासारखी टणक असते. कोरड्या वाळूत पाय रुततो, आणि एका किलोमीटरला दोन किलोमीटरचे श्रम होतात. अवघड जागा नेहमी पाणी उतरत असतानाच ओलांडावी. मग काही अडले तरी परतायला वेळ उरतो.

आता निघायचा दिवस ठरवता येईल. सकाळी साडेसहा-सातला ओहोटी हवी, तर भरती दुपारी पाऊण-एकला हवी. म्हणजे तिथी प्रतिपदा. पुढे रोज ओहोटी पाऊण तासाने लांबत जाईल, आणि सप्तमीला ती अकराला येईल. म्हणजे प्रतिपदेपासून सप्तमीपर्यंतच्या सकाळी चालण्यासाठी सोयीच्या. त्यातही वद्य पक्ष घ्यावा असे मी म्हणेन, कारण पहाटे निघताना समुद्राच्या बाजूला चंद्र असतो आणि पायाखालचे दिसते.

महिना मार्गशीर्ष किंवा पौष. धानाची मळणी आटोपलेली असते. हवा थंड असते. पावसाळ्यात या वाटेचे नावही काढू नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या यांत्रिक होड्याही पश्चिम किनाऱ्यावर बंद असतात. ज्यांचे पोट समुद्रावर ते जेव्हा काठावर बसतात, तेव्हा आपण तिथे कशाला जावे?

काठ तीन प्रकारचा

महाराष्ट्राचा समुद्रकाठ ७२० किलोमीटर, असे शाळेत शिकवीत आलो. अलीकडे बारकाईने मोजणी झाली, तेव्हा तो आकडा आठशेच्या वर गेला. काठ वाढला नाही. प्रत्येक वळसा, प्रत्येक खाच मोजली, म्हणून आकडा वाढला. पायी चालणाऱ्याने यातून एवढेच घ्यावे की, नकाशावर दोन गावे बोटभर अंतरावर दिसली म्हणून ती जवळ नसतात.

हा सारा काठ वाळूचा नाही. वाळूच्या काठाला कोकणात पुळण म्हणतात. पुळण संपली की डोंगराचे नाक समुद्रात शिरलेले असते, खाली काळे खडक. ते नाक ओलांडले की पुन्हा पुळण. आणि मधूनमधून खाडी. नदी समुद्राला मिळते तिथे समुद्राचे खारे पाणी आत शिरते, ती खाडी.

सर्वांत धोका कुठे? लोक म्हणतात, खोल पाण्यात. मी म्हणतो, छोट्या पुळणीवर. दोन्ही टोकांना डोंगराची नाके आहेत, मध्ये वाळू आहे, मागे उभा कडा आहे. ओहोटीला तुम्ही खडकावरून या पुळणीवर आलात. वाळू छान आहे म्हणून शिदोरी सोडून बसलात. भरती लागली. पाणी आधी दोन्ही टोकांच्या खडकांना लागते. मधली वाळू अजून कोरडी असते, म्हणून तुम्हाला काही कळत नाही. तासा-दोन तासांनी उठून पाहता, तर पुढची वाट बंद आणि मागचीही बंद. अशा जागी शिरण्याआधीच वर जायची पायवाट कुठे आहे ते पाहून ठेवावे. पायवाट नसेल तर शिरू नये. वरून सड्यावरच्या रस्त्याने जावे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. तिथे सावली नाही, पाणी नाही. ऊन लागते, पण जीव जात नाही.

ओले खडक शेवाळाने निसरडे असतात. त्यांना कालवे चिकटलेली असतात. कालवांची कड पात्यासारखी कापते. अनवाणी चालू नये.

खाडीचे तोंड कधीही चालत ओलांडू नये. ओहोटीला पाणी गुडघाभर दिसते, पण तळाशी चिखल असतो, आणि उतरणारे पाणी माणसाला समुद्राकडे खेचते. स्थानिक माणसे ओलांडताना दिसतील. त्यांना तळ ठाऊक असतो. आपण होडीने जावे, नाहीतर आत वळसा घालून पुलावरून जावे. अर्धा दिवस गेला तर जाऊ द्यावा. त्यासाठी वेळापत्रकात एक दिवस रिकामा ठेवलेला असावा.

सोबत आणि ओझे

सहा ते आठ माणसे पुरेत. जास्त झाली की राहण्याची सोय होत नाही. मजल सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने ठरवावी, आणि चालताना त्यालाच पुढे ठेवावे. आपल्या त्या बाई पुढे असतील, तर तरण्या पोरांना थोडे कंटाळवाणे होईल. होऊ द्या. हळू माणूस मागे राहिला की तो धापा टाकत गाठतो, आणि तो पोचतो तेव्हा बाकीचे विसावा संपवून उठतात. त्याला विसावा मिळतच नाही. तिसऱ्या दिवशी तो आजारी पडतो.

निघण्याआधी महिनाभर रोज चालण्याचा सराव हवा. कारध्याहून पूल ओलांडून भंडाऱ्याला जावे आणि परत यावे. गाड्या फार असतात, म्हणून कडेने, एकामागे एक. पूर्वी उन्हाळ्यात वैनगंगेची वाळू उघडी पडे, तिथे सराव झाला असता. गोसीखुर्दचे पाणी अडल्यापासून पात्र भरलेले असते. पहिल्या आठवड्यात रिकाम्या हाताने चालावे, मग पाठीवर ओझे घेऊन. नवीन चपला-बूट सरावातच पायाला बसवून घ्यावे. निघायच्या दिवशी नवे पायताण घालणारा माणूस दुसऱ्या दिवशी फोड दाखवतो.

ओझे पाच-सहा किलोंपेक्षा जास्त नको. दोन जोड कपडे, पातळ चादर, टोपी किंवा दुपट्टा, विजेरी, रोजची औषधे, पट्टी-मलम, आधार कार्ड. पाणी प्रत्येकाजवळ दोन लिटर. समुद्र समोर आहे म्हणून पाण्याची काळजी नाही, असे वाटते. पण त्यातला घोटभरही पिता येत नाही. पुढचे गाव येईपर्यंत तुमच्या बाटलीतलेच पाणी. जेवणाची चिंता नको. कोकणातही आपल्यासारखा भातच खातात. आमटीत नारळ असतो, त्याची दोन दिवसांत सवय होते.

घरी एका कागदावर रोजच्या मुक्कामाचे गाव आणि तारीख लिहून ठेवावी. तसाच कागद प्रत्येकाच्या खिशात हवा. हे काम मोठ्या अक्षरात तुमच्यापैकीच कोणी करावे, मुलांना सांगू नये. अडचणीत ११२ हा नंबर लावावा.

सात मजली

आता प्रत्यक्ष वाट. सारा किनारा एका वेळी चालायचा नसतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातला हर्णे ते गणपतीपुळे हा भाग सुचवतो. त्यात पुळण, सडा, खाडी सर्व आहे, आणि गावे जवळजवळ आहेत. उत्तरेकडून दक्षिणेकडे चालायचे. समुद्र नेहमी उजव्या हाताला. तो डाव्या हाताला आला, तर तुम्ही उलटे निघालात.

त्रयोदशीला वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून मुंबईची गाडी धरावी. मुंबईहून कोकण रेल्वेने खेड. खेडहून एस.टी.ने दापोली आणि पुढे हर्णे. पौर्णिमेला हर्णे गाठले की संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव पाहावा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. पौर्णिमेचे उधाण तिथेच काठावर बसून बघावे. उद्यापासून कोणाशी गाठ आहे, ते कळते.

प्रतिपदेची पहिली मजल मुद्दाम लहान. हर्णे ते मुरुड आणि कर्दे, आठ-दहा किलोमीटर. मुरुड आणि कर्दे यांच्या पुळणी एकमेकींना लागून आहेत. सकाळच्या ओहोटीला इथे चालण्याचे सुख काही वेगळेच. मुरुड हे अण्णासाहेब कर्वे यांचे गाव. १८७५ साली हा मुलगा परीक्षेसाठी मित्रांबरोबर मुरुडहून साताऱ्याला पायी गेला. शंभर मैलांवरची वाट, पावसाचे दिवस, मध्ये सह्याद्री. तिथे पोचल्यावर "तू लहान दिसतोस" म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले नाही. तो तितकाच चालत परत आला आणि पुढे शिकला. याच माणसाने १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढले. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. मुरुडला मुक्काम करायचा तर घरगुती सोय मिळते. कर्द्यालाही मिळते.

द्वितीयेला कर्दे ते लाडघर, बुरोंडी आणि कोळथरे. ही मोठी मजल. लाडघरचे पाणी तांबूस दिसते, त्याला तामसतीर्थ म्हणतात. कर्दे आणि लाडघर यांच्या मध्ये डोंगर आहे. बुरोंडीच्या पुढेही चढउतार आहेत. इथे खडकावरून जाण्याचा मोह सोडून रस्ता धरावा. ज्याचे पाय दुखले असतील त्याने बुरोंडीहून एस.टी. घ्यावी. वारीत कोणी एस.टी.त बसला म्हणून विठोबा रागावत नाही.

तृतीयेला कोळथऱ्याहून दाभोळ. ही वाट बहुतेक डोंगरातली. दाभोळ आज लहान गाव आहे, पण एके काळी मोठे बंदर होते. निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी पंधराव्या शतकात आपल्या देशात आला, बिदरपर्यंत फिरला, आणि परत जाताना याच दाभोळहून जहाजात बसला. दाभोळला वाशिष्ठी नदीची रुंद खाडी आडवी येते. पलीकडे धोपावे. २००३ सालापासून इथे मोटारी नेणारी फेरीबोट चालते. माणसेही त्यातूनच जातात. शेवटची फेरी किती वाजता, ते दाभोळमध्ये शिरताच फलकावर वाचावे. फेरी चुकली तर रात्र अलीकडे काढावी लागते. ही फेरीबोट नसती, तर चिपळूणकडून वळसा घालायला रस्त्याने कितीतरी तास लागले असते.

चतुर्थीला धोपाव्याहून गुहागर. मध्ये अंजनवेलजवळ वीजनिर्मितीचा मोठा कारखाना आहे आणि काठ कड्याचा आहे. म्हणून सरळ रस्त्याने जावे. गुहागरला पोचल्यावर लांबच लांब सरळ पुळण आणि तिच्या कडेला सुरूची झाडे दिसतात. पंचमी इथे विसाव्याची. कपडे धुवावेत, फोडांना मलम लावावे, व्याडेश्वराचे दर्शन घ्यावे. मागे कुठे एक दिवस वाया गेला असेल, तर तोही इथे भरून निघतो. विसाव्याचा दिवस आळशीपणाचा नाही. तो गेला की सारे गणित कोसळते.

षष्ठीला गुहागर, पालशेत, वेळणेश्वर. सप्तमीला वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. हेदवीला खडकात एक अरुंद लांब भेग आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट त्या भेगेत शिरते आणि कोंडून उंच उडते. पाहण्यासारखे आहे, पण दुरून. फोटोसाठी काठावर जाऊ नये. सप्तमीला भरती संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे दुपारी तीननंतर तिथल्या खडकांवर थांबू नये. तवसाळहून जयगडची खाडी पुन्हा फेरीबोटीने ओलांडायची आणि जयगडला उतरायचे.

अष्टमीला जयगडहून मालगुंड आणि गणपतीपुळे. ही वाट बरीचशी रस्त्याची आणि लांब. वीस किलोमीटरच्या वर जाते. तेव्हा उजाडण्याआधी निघावे. मालगुंड हे कवी केशवसुतांचे गाव. तिथे त्यांचे स्मारक आहे. थोडा वेळ थांबून भिंतीवरचे लिहिलेले वाचावे. मालगुंडहून गणपतीपुळे अगदी जवळ.

गणपतीपुळ्याला देवळाच्या समोरच समुद्र आहे आणि लोक पाण्यात उतरतात. तिथे काठ लवकर खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. तिथे बुडून माणसे गेली आहेत. आठ दिवस सांभाळून चाललेली माणसे शेवटच्या दिवशी आनंदात पाण्यात शिरतात. पाय भिजवायचे तर घोट्यापर्यंत, एकमेकांचा हात धरून. त्यापुढे नाही. देवस्थानचे भक्तनिवास आहे, तिथे जागेची चौकशी निघण्याआधीच फोनवर करून ठेवावी.

नवमीला गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला एस.टी. मिळते. आरे-वारेच्या बाजूने जाणारी मिळाली तर तीच धरावी. पंचवीस किलोमीटर रस्ता समुद्राच्या वरून जातो. खिडकीची उजवी बाजू त्या साठीच्या बाईंना द्यावी. रत्नागिरी स्टेशन गावापासून दूर आहे, तेव्हा गाडीच्या वेळेआधी तासभर निघावे, आणि परतीचे तिकीट कारध्याहून निघण्याआधीच काढलेले असावे.